दिवा कुठे होता?

संगणकावर तयार केलेल्या चित्रांविषयी मराठीच्या अध्यापकांनी लिहावे, हा काही वाचकांना नसता उद्योग वाटेल. पण गेल्या वर्षी चारेक महिने आम्ही एका चित्राच्या मागे लागलो होतो आणि त्या काळात उजेडाविषयी जे कळले, ते वीस-बावीस वर्षे वर्गात कविता शिकवताना कळले नव्हते. चित्र एका माजघराचे होते; रात्रीचे. ते काही केल्या खरे दिसत नव्हते. का दिसत नव्हते आणि कशाने दिसू लागले, त्याची ही हकीकत.

आधी हे ‘आम्ही’ कोण ते सांगणे बरे. आम्ही नवरा-बायको, दोघेही मराठीत एम. ए. करून नगर जिल्ह्यातच महाविद्यालयांत शिकवतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बोलताना ‘नगर’ अजून सुटत नाही.) लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. मात्र ज्या घराविषयी लिहायचे, त्या घरात आमच्यापैकी एक जन्मला आणि दुसरी सून म्हणून आली. हा फरक जेथे महत्त्वाचा आहे तेथे तो सांगू. एरवी ‘आम्ही’ म्हणजे दोघेही. आईला आमच्यापैकी एक ‘अगं’ म्हणतो आणि दुसरी ‘अहो’. येथे सोयीसाठी ‘ती’ म्हणत आहोत, त्यात अनादर नाही.

घर अकोले तालुक्यातले, प्रवरेपासून चालत दहा मिनिटांवरचे. दगडमातीच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओसरी, आत माजघर आणि माजघराच्याच एका कोपऱ्यात चूल. घरात वीज आली ती १९८९ मध्ये. २०११ मध्ये ते घर पाडून त्याच जागी स्लॅबचे घर बांधले. निर्णय सर्वांचा होता, आईही नको म्हणाली नाही. पण अलीकडे ती रात्री उठते आणि पूर्वी जेथे माजघराचे दार होते तिकडे चालू लागते. तेथे आता फरशी लावलेली भिंत आहे. भिंतीला हात लागला की ती थांबते, क्षणभर उभी राहते आणि परत फिरते. दिवसा हे होत नाही.

गेल्या वर्षी तिचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले. हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षे आणि दहाएक महिने लागतात. तिला काय द्यावे याचा विचार करताना जुन्या घराचे चित्र द्यावे असे सुचले. घराची छायाचित्रे दोनच: एक लग्नातले, मांडवातले, दुसरे पोळ्याच्या दिवशी अंगणातले, त्यात घरापेक्षा बैल जास्त. आतले एकही नाही, आणि रात्रीचे असण्याचा प्रश्नच नाही. तिचे पाय ज्या घरात चालतात ते तर रात्रीचे घर.

आमचा एक माजी विद्यार्थी हे काम करतो. बी. ए. ला त्याने मराठी घेतले होते, पुढे पुण्यात त्रिमितीय चित्रण शिकला आणि आता नगरमध्ये घरी बसून बांधकाम व्यावसायिकांसाठी अजून न बांधलेल्या सदनिकांची चित्रे तयार करतो. त्यातही रात्रीच्या दिवाणखान्यांची त्याला विशेष मागणी असते: छतात लपवलेले पिवळे दिवे, काचेबाहेर निळे आकाश. ‘‘सर, आठवड्यात देतो,’’ तो म्हणाला. मापे आम्ही आईकडून घेतली. ती हाताने आणि पावलांनी सांगत गेली. जोत्याचे काही दगड मागच्या परसात पडून होते, त्यांनीही थोडी साक्ष दिली. उतरंड, कणगी, दिवळी, चूल, तिच्या शेजारचा वैल, काटवट हे सारे त्याने ‘ब्लेंडर’ या आज्ञावलीत उभे केले. ही आज्ञावली मूळ हॉलंडमधली, २००२ पासून सर्वांना खुली; तिच्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

आठवड्याने पहिले चित्र आले. वस्तू अचूक होत्या. उतरंडीतल्या मडक्यांना टवके उडालेले होते, भिंतीला पोपडे होते. दिवळीत चिमणी जळत होती, तिचा नारिंगी उजेड खोलीभर होता आणि खिडकीतून निळसर चांदणे येत होते. आम्हाला ते आवडले. आईला दाखवले. तिने टॅबलेट जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, ‘‘झ्याक हाय. पर हे कुणाचं घर?’’ मग जरा वेळाने, ‘‘आन् दिवाळी हाय का? येवढा उजीड कवा व्हता आपल्याकं?’’

विद्यार्थी हिरमुसला नाही. उलट त्याने वही काढून दोषांची यादी करायला घेतली. पुढचे सगळे शिक्षण त्या यादीतून झाले. त्याने आम्हाला समजावले, ते आम्हाला समजले तसे येथे मांडतो. आमच्यासारखेच कुणी जुन्या घराचे रात्रीचे चित्र करायला बसले, तर उपयोगी पडावे.

पहिला दोष निळ्या उजेडाचा. आज्ञावलीत नवे दृश्य उघडले की सभोवार एक करडा प्रकाश आपोआप असतो. तो कुठल्याही दिव्यातून येत नाही, सर्व बाजूंनी सारखा येतो. रात्र दाखवायची म्हणून त्याने तो निळा आणि मंद केला होता, पण घालवला नव्हता. त्यामुळे कणगीच्या मागे, उतरंडीच्या खाली, जेथे काहीच दिसू नये तेथेही थोडेथोडे दिसत होते. शिवाय चांदणे मुळात निळे नसतेच. तो सूर्याचाच परतलेला प्रकाश. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी काम करू लागतात आणि त्यांना तांबड्यापेक्षा निळसर रंग उजळ भासतात. पुर्किन्ये नावाच्या बोहेमियातील शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले. चित्रपटांनी पुढे त्या निळेपणाची रूढी केली, आणि आम्ही चांदणे म्हणून जे ओळखत होतो ती बरीचशी ती रूढी होती. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याचा फार तर पाव लक्स. म्हणजे चार लाखांनी भागायचे. एवढ्याशा उजेडातून खिडकीच्या आत किती येणार? निळा प्रकाश काढला. छपरात एक काचेचे कौल होते, त्यातून जमिनीवर तळहाताएवढा फिकट ठिपका पडे, असे आईने सांगितले. तेवढा ठेवला.

दुसरा दोष चिमणीचा. आज्ञावलीत दिव्याची ताकद वॅटमध्ये भरतात. आपण साठ वॅटचा बल्ब म्हणतो तेव्हा ते साठ वॅट वीज खाण्याचे असतात. त्यातले बहुतेक उष्णतेत जातात. येथे मात्र जो आकडा घालावा तो सगळा प्रकाशाचा धरला जातो. विद्यार्थ्याने सवयीने चाळीस घातले होते. साध्या ज्योतीला वॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी पुरते. रंगाचेही तसेच. ज्योतीचा रंग मोजण्याच्या मापाने सुमारे १,९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २,७००, दिवसाच्या उजेडाचा ६,५०० च्या आसपास. निखारे तर ज्योतीहूनही तांबडे.

खरी मेख अंतराची होती. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे शाळेत पाठ केले होते. पण त्याचा अर्थ एका खोलीत काय होतो, हे कधी पाहिले नव्हते. ज्योतीपासून एका फुटावर जेवढा उजेड, त्याचा शंभरावा हिस्सा दहा फुटांवर. आम्ही हिशेब करून पाहिला: एका मेणबत्तीचा उजेड दहा फुटांवर जेमतेम एक दशांश लक्स पडतो. म्हणजे माजघराच्या या टोकाला जळणारी चिमणी त्या टोकाला चांदण्याएवढीच. पहिल्या चित्रात सारी खोली दिसत होती, कारण विद्यार्थ्याने कॅमेऱ्याच्या मागे एक अदृश्य भराव-दिवा ठेवला होता. ‘‘सदनिकांच्या चित्रांत ठेवावाच लागतो, मॅडम. गिऱ्हाइकाला कोपरे दिसले पाहिजेत.’’ तोही काढला.

तिसरा दोष भिंतींचा. खोलीतला उजेड केवळ दिव्यातून येत नाही. भिंत, जमीन, छत तो परत पाठवतात आणि तो पुन्हा पुन्हा फिरतो. संगणकावर हे आणण्याचा इतिहास फार जुना नाही. कॉर्नेल विद्यापीठात १९८४ मध्ये एका साध्या खोक्याचे चित्र केले गेले. त्यात रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उतरलेला दिसत होता. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी हे सारे येणे-जाणे एका समीकरणात बांधले, आणि आजच्या आज्ञावली तेच समीकरण अंदाजाने सोडवत असतात. चित्रपटवाल्यांना ही गोष्ट हाताने ठाऊक होती. ‘अपराजितो’ (१९५६) साठी बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून परतवलेला उजेड वापरला. अंगण खरे वाटले ते त्या परतलेल्या उजेडामुळे.

आमच्या विद्यार्थ्याने भिंतींना चुन्याचा पांढरा रंग दिला होता. भिंत पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी टक्के परतवत असेल, तर तीन वेळा आपटूनही निम्मा उजेड उरतो. वीसच टक्के परतवत असेल, तर तीन आपट्यांत शंभरातला एकही भाग उरत नाही. आईला विचारले. ‘‘चुना दसऱ्याला, वसरीला. आत धुरानं काळं व्हतं. कितींदा सारवलं तरी काळंच.’’ तीस-चाळीस वर्षांचा धूर भिंतींवर होता. जमीन शेणाने सारवलेली, तीही उजेड गिळणारी. भिंती काळ्या केल्या आणि खोली निम्म्याने लहान झाली.

आता दुसरे चित्र तयार झाले आणि त्यावर पांढरे ठिपके उमटले. संगणक प्रत्येक बिंदूतून किरण सोडून दिव्याचा शोध घेतो. अंधाऱ्या खोलीत लहानशी ज्योत थोड्याच किरणांना सापडते, म्हणून चित्र रवाळ होते आणि एखादा बिंदू उगाच लखलखतो. या बिंदूंना त्या व्यवसायात जगभर ‘काजवे’ म्हणतात, हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत, पाऊस तोंडावर आला की झाडेच्या झाडे काजव्यांनी भरतात. हल्ली ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. विद्यार्थी मात्र त्रासला होता. ठिपके घालवायचे दोन उपाय होते. अतिउजळ बिंदूंना वरून मर्यादा घालायची. पण त्याने निखाऱ्याचे खरे तेजही छाटले जात होते. किंवा किरणांची संख्या वाढवायची आणि उरलेला रवा आज्ञावलीकडून पुसून घ्यायचा. त्याने दुसरा उपाय निवडला. संगणक रात्रभर चालला.

शेवटचा तांत्रिक दोष ज्योतीचाच होता. ती मध्यभागी पांढरीफटक होत होती, जणू कागदाला भोक पडावे. दृश्यातल्या उजेडाची व्याप्ती प्रचंड, पडद्याची तुटपुंजी. मोठी व्याप्ती लहानात बसवण्याची रीत बदलावी लागते. ब्लेंडरने २०१७ मध्ये त्यासाठी ‘फिल्मिक’ आणि २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत ‘एजीएक्स’ अशा रीती दिल्या. नवी रीत लावताच ज्योत पिवळी राहून मधे फिकी होऊ लागली, ज्योतीसारखी.

एवढे झाल्यावर चित्र आईला पुन्हा दाखवले, दुपारी, अंगणात. तिला काही दिसले नाही. ‘‘बंद हाय का ह्ये?’’ चूक आमची होती. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास किंवा अधिक लागतो. ऊन पाहून आलेल्या डोळ्यांना रात्रीचे खरे चित्र म्हणजे काळी पाटी. आम्ही रात्र होऊ दिली, घरातले दिवे मालवले, पडद्याचा उजेड अगदी खाली आणला आणि ओट्यावर गप्पा मारत बसलो. विद्यार्थीही त्या दिवशी मुद्दाम आला होता. पाऊण तासाने टॅबलेट तिच्या हातात दिला.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग बोट दिवळीवर ठेवून म्हणाली, ‘‘ह्यो दिवा हितं कुणी ठिवला?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो आम्हीच ठेवला होता. विद्यार्थ्याला घराचा आराखडा सांगताना आमच्यापैकी जो त्या घरात वाढला त्याने सांगितले होते: दिवळीत चिमणी, खाली चूल, चुलीपुढे आई. त्याला ते तसेच आठवत होते. दुसरीनेही शंका घेतली नव्हती, कारण तिच्याही डोळ्यांपुढे तेच चित्र होते, फक्त दुसरीकडून आलेले. सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ आपण सर्वांनी पाहिलेले असते, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात नाही तर दिनदर्शिकेवर. बरेचजण ते रविवर्म्याचे समजतात. १९४५-४६ च्या सुमाराचे ते जलरंगातले चित्र: हातात दिवा घेतलेली, ज्योतीवर तळहाताचा आडोसा धरलेली स्त्री, बोटांच्या कडा आतून तांबूस उजळलेल्या. बाई आणि दिवा यांची अशी जोडी मराठी मनात इतकी पक्की बसली आहे, की चुलीपुढच्या बाईजवळ दिवा असणारच असे आम्ही दोघांनी गृहीत धरले.

‘‘मग दिवा कुठं होता, आई?’’ सुनेने विचारले.

‘‘वसरीला. पोरांची बुकं वसरीला नव्हती का?’’

रेशनवर मिळणारे रॉकेल मोजके. घरात एक कंदील आणि एक चिमणी. कंदील ओसरीवर, पाच भावंडांच्या मधे. पुढे त्यातला धाकटा १९८८ मध्ये चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसला, तेव्हा कंदील त्याच्या एकट्याच्या पाटीपुस्तकांपाशी आला. अभ्यास संपला की कंदील वडिलांच्या पोथीपाशी, मग गोठ्यात. चिमणी?

‘‘चिमणी व्हती की. पावसाळ्यात लावायची, इचूकाट्याचं भ्या. येरवी कशाला? चूल पेटल्याली असती.’’

‘‘पण भाकरी दिसायची कशी?’’

‘‘भाकर हाताला कळती, बाई. तिला डोळं न्हाई लागत.’’

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मापे सांगताना जसे सांगत होती, तसेच हेही सांगत होती. विद्यार्थ्याने तेथेच मांडीवर संगणक उघडला. दिवळीतली चिमणी विझवली. ओसरीत, दाराच्या पलीकडे, एक कंदील ठेवला. खडबडीत कच्चे चित्र मिनिटभरात उमटले. दारातून एक तिरपी पट्टी आत येत होती, उंबऱ्यावर मोडून जमिनीवर पसरत होती आणि चुलीच्या हातभर अलीकडेच संपत होती. त्यापलीकडे चुलीचा तांबडा उजेड: काटवटीची कड, तव्याचा अर्धा गोल, उतरंडीतल्या खालच्या मडक्याचे पोट. बाकी अंधार. चार महिने जे जमत नव्हते ते जमले होते. विद्यार्थी हळूच म्हणाला, ‘‘सर, बाकीचं सगळं आपण बरोबर केलं होतं. दिवाच चुकीच्या जागी होता.’’

त्या रात्री आम्हा दोघांना लवकर झोप आली नाही. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आईवर लेख लिहिला होता. त्यात चिमणीच्या उजेडात भाकरी थापणारी आई होती. लेख अनेकांना आवडला होता. तो खोटा लिहिला नव्हता. कंदिलापाशी बसून वर पाहिले की दारातून आई दिसायची. स्वतःपाशी असलेला उजेडच तिच्यापाशी आहे असे त्याला वाटत राहिले, आणि आठवणीने पुढे दिवा उचलून तिच्याजवळ ठेवून दिला. ज्याच्याजवळ दिवा होता त्यालाच हे न दिसणे सर्वांत सोपे होते. दुसरी म्हणाली, ‘‘आणि मी हा लेख वर्गात वाचून दाखवला आहे.’’

उजेडाची मराठी साहित्यातली महती आम्ही आयुष्यभर शिकवतो. ज्या प्रवरेच्या काठी हे घर होते, तिच्याच काठी खाली नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि तिच्यातले दीपांचे दृष्टान्त समजावताना आमचा आवाज आपोआप भरून येतो. ग्रामीण कथेतली चिमणी, कंदील, समई यांवर आम्ही प्रश्नपत्रिकेत टिपा विचारल्या आहेत. पण त्या खोलीत दिवा एकच होता, तर तो नेमका कोणाजवळ होता आणि त्यामुळे अंधारात कोण बसले, हा प्रश्न आम्ही एकाही उत्तरपत्रिकेत विचारला नाही. संगणकाला तो विचारावाच लागतो. दिव्याची जागा तीन आकड्यांत भरल्याशिवाय तो पुढे जात नाही.

चित्रपटात हा विचार आपल्याकडे फार आधी झाला होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ (१९२३) साठी कृत्रिम दिव्यांवर चित्रण केले, आणि दोन वर्षांनी ‘सावकारी पाश’ मध्ये कर्जाने नागवलेल्या शेतकऱ्याची झोपडी अगदी अपुऱ्या उजेडात दाखवली. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. पाहिलेल्यांच्या आठवणींत मात्र ती काळोखी झोपडी टिकून राहिली. उजेड देण्याची साधने नुकतीच हाती आलेली असताना त्या माणसाने तो कोठे देऊ नये हेही ठरवले, याचे आता विशेष वाटते.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी काय झाले तेही सांगायला हवे. मंडपात लावण्यासाठी चित्र मोठे छापायचे होते. कागदाला किंवा फ्लेक्सला स्वतःचा उजेड नसतो. भर दिवसा ते चित्र म्हणजे काळा फलक दिसला असता. भावंडे म्हणाली, जरा उजेड वाढवा, पाहुण्यांना घर दिसू तरी द्या. विद्यार्थ्याने चिमणी पुन्हा दिवळीत लावली, भराव-दिवा आणला, भिंती उजळ केल्या. पाहुण्यांनी त्या फलकापुढे उभे राहून आईसोबत छायाचित्रे काढली. सगळ्यांना जुने घर ओळखता आले. आईनेही कुणाला काही सांगितले नाही.

खरे चित्र टॅबलेटवर आहे. कधी कधी रात्री दिवे मालवल्यावर ती ते मागते. एकदा सुनेने विचारले, ‘‘यात तुम्हाला बसवू का चुलीपुढं? तो करून देईल.’’ आई म्हणाली, ‘‘कशाला? हाय की म्या तिथंच. आंधारात हाय.’’

रात्रीचे तिचे उठणे थांबलेले नाही. पूर्वी अशा वेळी आम्ही धावत जाऊन खोलीतला दिवा लावत असू. आता लावत नाही. ती भिंतीपर्यंत जाते, हात लावते, परत येते. आमच्यापैकी जो जागा असेल तो अंधारात तिच्या मागे चार पावलांवर उभा राहतो.